डावा हात मोकळा झाला तेव्हा

मंगळवार, रात्री

ऑफिसातून परतताना गोखले रोडवर उतरले आणि शेवटी त्या दुकानात शिरले. दोन कीबोर्ड शेजारी शेजारी लावून घेतले. एक सदतीस पट्ट्यांचा मिनी, पिशवीत घालून ऐरोलीच्या गाडीत नेता येईल एवढा. दुसरा एकसष्ट पट्ट्यांचा, पूर्ण मापाचा. विकणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, बिगिनरला छोटा बास होतो." पेटी मी शाळेपासून वाजवते, पण हे त्याला सांगत बसले नाही. कीबोर्डवर मी नवखीच आहे.

लहान कीबोर्ड दोन तऱ्हांनी लहान असतो. पट्ट्या कमी असतात, नाहीतर पट्ट्या अरुंद असतात. दुकानात या दोन्हीची मोट एकत्र बांधतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. पियानोच्या मापाची पांढरी पट्टी साधारण २३.५ मि.मी. रुंद, म्हणजे सा पासून वरच्या सा पर्यंत साडेसोळा सेंटिमीटर. मिनीवर हे अंतर दोनेक सेंटिमीटरांनी तरी आखडतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मी गाते काळी चारमध्ये, म्हणजे चौथी काळी पट्टी माझा सा. तिथे नी येतो पांढरी पाचवर, दोन काळ्यांच्या मधोमध. मिनीवर माझं बोट त्या फटीत मावेना, दर वेळी काळी तीन सोबत दबायची. भूप राग वाजवला तर सगळं सुरळीत, कारण त्यात नीच नाही!

"ट्रान्सपोज करा ना, बटणाने सगळे सूर सरकवायचे आणि पांढरी एकवरून वाजवायचं," मुलगा म्हणाला. बरोबर आहे त्याचं. स्केल चेंजर पेटीत तेच होतं आणि त्याला कुणी नाक मुरडत नाही. तरी माझ्या बोटांना काळी चारचा रस्ता पाठ आहे, तो सोडून नवा शिकायचा तर यंत्र माझ्यासाठी की मी यंत्रासाठी?

गुरुवार

दुपारभर डोक्यात तेच. किती पट्ट्या पुरतात?

आमच्या पेटीला बेचाळीस, म्हणजे साडेतीन सप्तकं. एवढ्यात सगळं गाणं बसतं. गळा मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पासून वरच्या सप्तकातल्या प पर्यंत गेला तरी दोनच सप्तकं होतात. त्या हिशेबाने सदतीस पट्ट्यांची तीन सप्तकंही पुष्कळ. मग एकसष्ट कुणासाठी?

उत्तर भात्यात आहे. पेटी वाजवताना डावा हात भात्याला गुंतलेला, स्वरांसाठी उरतो फक्त उजवा. एका हाताला लागतील तेवढ्याच पट्ट्या पेटीला. पॅरिसमध्ये १८४२ साली दबॅं यांनी ज्या हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तिला हवा पायांनी भरायची आणि दोन्ही हात मोकळे राहायचे. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास हाताने भाता ओढायची पेटी घडवली, जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांसाठी. संगीत नाटकवाल्यांनी मात्र पायपेटी धरून ठेवली. साथ करणाऱ्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर असले की सुरांचा भरणा कसा वेगळा होतो, ते पायपेटी ऐकलेल्याला सांगावं लागत नाही.

कीबोर्डने माझा डावा हात मोकळा केला, आणि तो रिकामा बसवायचा नसेल तर त्याला जागा द्यायला हवी. कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकत्र धरायला दीड सप्तक सोडलं तर एकसष्टच्या पाच सप्तकांतून उरतात साडेतीन. म्हणजे बरोब्बर माझी पेटी! हा हिशेब जमला तेव्हा परतीच्या गाडीत ठाणं आलं होतं आणि मला कळलंही नाही.

आणखी एक. पेटीत पट्टी जोरात दाबली काय, हळू दाबली काय, आवाज तेवढाच. लहानमोठा करतो तो भाता. कीबोर्डला भाता नाही, म्हणून तिथे पट्टीलाच बोटाचा जोर कळायला हवा. स्वस्तातल्या बऱ्याच मिनींना तो कळत नाही. मग हातात ना भाता, ना स्पर्श. सगळं गाणं एकाच आवाजात, रेल्वेच्या उद्घोषणेसारखं. पट्ट्या कमी असलेल्या मी चालवून घेईन, हे नाही.

शनिवार

अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा पण बघ, असं मुलीचं म्हणणं. तो साधारण १३२ सें.मी. लांब, वजन अकरा-बारा किलो. नौपाड्यातल्या आमच्या दीड खोलीत तो आला तर दिवाण बाहेर जाईल. विषय संपला.

प्रवासाचं काय, हा तिचा दुसरा प्रश्न. तो रास्त आहे. मिनीचा मोह मला त्यानेच पडला होता. पण मी जाते कुठे? ऐरोलीत ऑफिस सुटल्यावर शिकायला, तिथे बाईंचा कीबोर्ड आहे. आणि रत्नागिरीला आईकडे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "घरात पेटी आहे ना गो, तो डबा कशाला आणत्येस?" पेटी आहे, पण भाता हवा सोडतो आणि वरचे दोन सूर उतरलेत. मिनी घेण्यापेक्षा ती दुरुस्त करून घेतलेली बरी. मांडवी एक्सप्रेसमध्ये सीटखाली काय ठेवायचं याची चिंताही नको.

हॉटेलात मुक्काम करत फिरणाऱ्याला मिनी घ्यायला मी सांगेन, खुशाल. चाल सुचली की बोटांखाली काहीतरी हवं असतं. मला चाली सुचत नाहीत.

रविवार

कॅसिओचा सीटी-एस३०० घेतला. एकसष्ट पट्ट्या, पूर्ण माप, बोटाचा जोर कळतो, ३.३ किलो. लांबी ९३ सें.मी., म्हणजे कपाटामागे उभा राहतो. मागे उचलायला हँडल आहे, आणि सहा पेन्सिल सेलवरही चालतो. डावीकडच्या चाकाने सूर ओढता येतो. ती मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, नव्हे, हे मलाही माहीत आहे, तरी पेटीवर तेवढंही होत नाही.

रात्री हेडफोन लावून यमन वाजवला. पेटीवर साडेदहानंतर हे शक्यच नव्हतं, वरच्या मजल्यावरचे काका काठी आपटतात. उजवा हात लगेच रुळला. डावा मात्र अजून भाता शोधतोय, समेवर आपोआप मागे जातो. बाईंना विचारायचंय, त्याला आधी नुसता सा-प धरायला बसवू की सरळ कॉर्ड.

स्टँड नाही घेतला. पाटावर ठेवून मांडी घालूनच बसते.