१६१० किमी राइड, अपडेट ७: एकोणतीस नंबर हरवला, आणि आता पत्र्याच्या चकत्या

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये मी रायडर कुठल्या चेकपॉइंटवरून कधी गेला ते टिपायच्या त्या शेअर्ड शीटचं जे भरभरून कौतुक केलं होतं ते सगळं मागे घेते. ड्राय रन, म्हणजे राइडची रंगीत तालीम, झाला. सगळे सुखरूप परत आले हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना उगाच टेन्शन नको.

नवीन कोणी असेल तर एका ओळीत: लांब पल्ल्याच्या मोटरसायकलवाल्यांच्या आयर्न बट असोसिएशनचं सॅडलसोर १००० असतं ना, २४ तासांत १००० मैल, म्हणजे आपले १६१० किमी, त्याच धर्तीवर आपली राइड आहे, ४४ रायडर, ६ चेकपॉइंट (सीपी), आणि सगळा डोलारा हौशी हेल्परांच्या खांद्यावर. ड्राय रन मुद्दाम रात्रीचा ठेवला होता, ६२० किमी, ३ सीपी, १९ रायडर. नंबर मात्र प्रत्येकाला फायनल लिस्टमधलेच दिले होते, म्हणून १९ जणांतसुद्धा २९ आणि ३९ दोघंही होते. इथेच माशी शिंकली.

रात्री एक दहाला सीपी २ वरून फोन. तिथे मेसेज जात नव्हते, पाऊस चालू, पोराच्या हातात ओले ग्लोव्हज, म्हणून त्याने बिचाऱ्याने सरळ कॉल केला आणि म्हणाला "एकोणतीस गेला". मागे कोणाची तरी बाइक रेझ होत होती. मी कंट्रोलवर, म्हणजे सगळ्या नोंदी येतात तिथे, बसले होते, मी ऐकलं एकोणचाळीस. ३९ च्या रांगेत वेळ टाकली, एंटर. आता ३९ खरं तर पंचवीस मिनिटं आधीच तिथून गेला होता आणि त्याची वेळ त्याच खणात होती, शीटने मुकाट्याने जुनी वेळ पुसली आणि नवीन घेतली. ना लाल झालं, ना काही विचारलं. एका चुकीत दोन माणसांचा हिशोब बिघडला आणि स्क्रीनवर सगळं एकदम नीटनेटकं.

दोन वाजता सीपी २ बंद झाला तेव्हा शीटप्रमाणे १८ पुढे गेलेले आणि २९ सीपी १ आणि २ च्या मध्ये कुठेतरी. फोन लावला, उचलत नाही (चालवत होता, उचलणार कसा). मग मी जे केलं ते त्या क्षणी बरोबरच वाटलं होतं, पुढे निघालेल्या स्वीपला (सगळ्यांच्या मागून मदतीला येणारा) परत फिरवलं. तो ५८ किमी उलटा गेला, प्रत्येक वळणावर हळू होऊन टॉर्च मारत, खड्ड्यात कोणी पडलंय का बघत. आणि इकडे सीपी २ च्या पुढे १२ नंबरचं मागचं टायर बसलेलं, तो अंधारात रस्त्याच्या कडेला स्वीपची वाट बघतोय, नियमाप्रमाणे, शहाण्यासारखा, हॅझर्ड लावून. एक तास दहा मिनिटं. जो हरवलाच नव्हता त्याला शोधायला आम्ही मदत पाठवली आणि ज्याला खरंच मदत हवी होती त्याच्यापासून ती काढून घेतली. हे मला अजून पचलेलं नाही.

२९ साहेब सीपी ३ ला दोन पन्नासला पोचून, सही करून, रेन सूट न काढता तंबूच्या मागे आडवे झाले होते. सीपी ३ ने तसा मेसेजही टाकला होता, तो त्यांच्या फोनमध्ये घड्याळाच्या चिन्हासकट तीन पस्तीसपर्यंत अडकून पडला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापली तत्त्वज्ञानं मांडली. पहिलं अर्थात "लाइव्ह ट्रॅकर लाव". लावले होते हो, पाच गाड्यांवर. नेटवर्क गेलं की ठिपका शेवटच्या जागी थिजतो, आणि थिजलेला ठिपका आणि थांबलेली गाडी स्क्रीनवर अगदी सारखीच दिसते. पहाटे तीनला कंट्रोलवर बसलेल्या माणसासाठी हे शीटपेक्षा वाईट, कारण नकाशा असला की विश्वास जास्त बसतो. सॅटेलाइटवाले वेगळे, ते मस्तच असतात, पण ४४ गाड्यांना ते घ्यायची आपली ऐपत नाही, विषय संपला.

दुसरं, नंबर बोलायची पद्धत बदला. यावर आम्ही जवळजवळ अख्खी संध्याकाळ घालवली. मराठी आकडे खराब लाइनवर म्हणजे सापळा आहे, एकोणतीस-एकोणचाळीस तर झालंच, बत्तीस-बेचाळीस वेगळे वाटतात पण वाऱ्यात नुसतं "...ईस" ऐकू येतं. मग ठरलं सुटे आकडे बोलायचे, दोन-नऊ. तर दोन आणि तीन सारखे ऐकू येतात, सात आणि आठही. विमानवाले म्हणूनच नाइनला नायनर आणि फाइव्हला फाइफ म्हणतात. मग आपलं काय? एका मार्शलने पत्त्यांची नावं सुचवली, सत्ती, अठ्ठी, नव्वी. अर्धा तास सगळे खूश, "नव्वी आली का रे" चालू, मग कोणाच्या तरी लक्षात आलं की दुर्री-तिर्री तर दोन-तीनपेक्षाही जास्त जुळी आहेत. हशा झाला, प्रश्न तिथेच.

लिहूनही सुटका नाही. सीपी १ च्या कागदावर एकाने देवनागरीत आकडे लिहिले होते, घाईत लिहिलेला १ आणि ९ ओळखून दाखवा, माझ्याकडून बक्षीस.

तर ब्रेकथ्रू. कोळशाच्या खाणीत टॅली सिस्टीम असायची, कामगार आत जाताना नंबरची चकती घेणार, ती बोर्डावर लागणार, शिफ्ट संपल्यावर कोणाची चकती राहिली ते बघितलं की खाली कोण आहे ते कळतं. अग्निशमनवाले पण धुरात जाताना तसंच टॅग बोर्डावर लावून जातात. आम्ही आत्तापर्यंत "कोण आलं" हे एकमेकांना सांगत होतो. खाणवाल्यांना सांगावंच लागत नाही, बोर्डाकडे बघितलं की दिसतं.

म्हणून आता: प्रत्येक रायडरकडे सहा चकत्या, एका रिंगमध्ये, प्रत्येक सीपीला एक काढून द्यायची. सीपीवर प्लायचा बोर्ड, ४४ नंबर, प्रत्येक नंबरला दोन हूक. आला की डाव्या हुकावर, निघाला की उजव्या. डावीकडे चकती म्हणजे माणूस इथेच आहे, आडवा झाला असला तरी. दोन्ही हूक रिकामे म्हणजे अजून यायचाय. २९ तंबूमागे घोरत असता तरी त्याची चकती डावीकडे लटकत राहिली असती. कंट्रोलला दर अर्ध्या तासाने बोर्डाचा एक फोटो, साइज कमी करून, कारण मोठा फोटो त्या नेटवर्कवर जातच नाही. फोटो नाही गेला तर कॉल, पण आलेले नंबर वाचायचे नाहीत, फक्त रिकामे वाचायचे, सुटे आकडे करून, आणि समोरच्याने परत म्हणून दाखवायचे. शेवटी शेवटी ते दोन-तीनच असतात.

मटेरियलवर मत विचारलंत तर: अ‍ॅक्रिलिक नको. सुंदर दिसतं, ग्लोव्हजने ओढलं की भोकापाशी तडकतं, दहातल्या तीन पहिल्याच दिवशी गेल्या. प्लाय फुगतो. शेवटी ४० मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या गोल चकत्या घेतल्या. ज्यांच्याकडून घेतल्या त्यांना भोक ५ मिमी सांगितलं होतं, आलं ३ मिमी, रिंग आत जाईना, फोन केला तर म्हणे "चालून जाईल". नाही चालत. २६४ भोकं घरी ड्रिलने मोठी केली, आता प्रत्येकाची कड घासायची, नाहीतर ग्लोव्ह फाटतं. पण नंबर पंच (आकडे ठोकून उमटवायचे ठसे) हातात आल्यावर जी मजा आली ती सांगता येत नाही. पहिले पाच-सहा नंबर तिरके, मग अंदाज आला: चकतीखाली लाकूड नको, लोखंडच हवं, आणि पंच सरळ धरून एकच ठोका, दोनदा मारलं की आकड्याला सावली येते. पहिला स्वच्छ ४ उमटला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना दाखवून आले, कोणाला काही पडलेली नव्हती. आणि हो, पंच इंग्रजी आकड्यांचे आहेत, त्यामुळे ६ आणि ९ च्या खाली रेघ. बोर्डावर लटकल्यावर भोक वरच येतं म्हणून उलटसुलट होत नाही, पण तळहातावर ठेवून ६ चा ९ झालाच होता आमच्याकडे.

हेल्परांच्या शिफ्टचं गणित पण बदललंय, लक्ष द्या. सुरुवात पहाटे ५, दोन-दोन मिनिटांनी एकेक गाडी, म्हणजे शेवटची ६:२६ ला. सीपीच्या वेळा आपण सायकलच्या ब्रेव्हेसारख्या (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइड) केल्यात, उघडायची आणि बंद व्हायची वेळ ठरलेली, वरची मर्यादा एकूण सरासरी ताशी ८० किमी, खालची ६७. लवकर आलात तर सीपी उघडेपर्यंत बसून राहा, म्हणजे पळवण्यात काही फायदाच नाही. आता सीपी १ (२३० किमी) सकाळी ७:५३ ते ९:५२, दोन तास, दोन माणसं पुरे. आणि सीपी ६ (१४८० किमी)? रात्री ११:३० ते पहाटे ४:३१. पाच तास, तेही नेमके शरीर सगळ्यात जास्त झोप मागतं त्या वेळेत. आधी मी सगळीकडे सरसकट तीन-तीन माणसं टाकली होती, तो मूर्खपणा होता. सीपी ६ ला सहा, दोघादोघांच्या पाळ्या, एक जोडी कायम झोपलेली.

याचं कारणही ड्राय रनच. सीपी ३ वरचा एक जण सगळं आवरून साडेपाचला गाडी चालवत घरी निघाला आणि डुलकी लागून खडीवर उतरला, टायरच्या आवाजाने जाग आली म्हणून वाचला. सकाळी सातला उठलेला माणूस, म्हणजे साडेबावीस तास जागा. १९९७ मध्ये नेचरमध्ये डॉसन आणि रीड यांचा अभ्यास आला होता, १७ तास जागरण म्हणजे रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी कामगिरी, आणि २४ तासांना जवळजवळ ०.१०. रायडरना आपण हे ब्रीफिंगमध्ये घोकून घेतो, वीस मिनिटांची डुलकी कशी घ्यायची ते शिकवतो, आणि हेल्परला "थँक्यू हं, सावकाश जा" म्हणून सोडून देतो. आता नियम: सीपी ५, सीपी ६ आणि फिनिशवरच्या लोकांच्या गाड्यांच्या किल्ल्या डब्यात, चार तास झोप झाल्याशिवाय परत मिळणार नाहीत. कोणी रुसलं तर रुसू दे.

जीपीएक्सबद्दल (जीपीएसमध्ये टाकायची रस्त्याची फाइल) पटकन: मी रूट पाठवला होता, ट्रॅक नाही, माझी चूक. रूट प्रत्येक डिव्हाइस आपापल्या अकलेने पुन्हा काढतं, म्हणून चार जण भलत्याच रस्त्याने गेले. ट्रॅक म्हणजे नुसती रेघ, ती बदलत नाही. यापुढे फक्त ट्रॅक. आणि पेट्रोलच्या पावत्यांचे फोटो तिथल्या तिथे काढा, थर्मल कागद टँक बॅगमध्ये उन्हात राहिला की कोरा होतो, मग माझ्याशी भांडू नका.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. सीपी बंद झाला की त्या चकत्यांचं काय करायचं ते ठरलं नव्हतं, मी "पिशवीत भरून आणा" लिहिणार होते. त्यापेक्षा उजव्या हुकावरच्या सगळ्या चकत्या तारेत ओवून स्वीपकडे द्यायच्या. स्वीप पुढच्या सीपीला पोचला की तारेतले नंबर आणि तिथल्या बोर्डावरचे नंबर जुळवायचे. जो तारेत आहे पण बोर्डावर नाही तो या दोन सीपींच्या मध्ये, बस, शोधायचा पट्टा ठरला. आणि डावीकडे एकही चकती असेपर्यंत स्वीपने हलायचंच नाही. म्हणजे स्वीपला परत फिरवायचा निर्णय माझ्या कानावर अवलंबूनच राहत नाही. थांबा, म्हणजे बोर्डावर तारेसाठी एक मोठा हूक पण लागेल, आणि बोर्ड तर कापून झालेत. बघते.

डीएनएफचं, म्हणजे राइड अर्धवट सोडणाऱ्यांचं, अजून अडलंय. सीपीवर सोडून दिलं तर सोपं, राहिलेल्या चकत्या तिथेच लाल रिंगमध्ये. पण दोन सीपींच्या मध्ये कंटाळून जो न सांगता घरी जाऊन झोपतो, त्याच्यावर चकतीचा उपाय नाही. टँकवर कंट्रोलच्या नंबरचा स्टिकर आहे, तरी लोक फोन करत नाहीत, लाज वाटते बहुतेक. रजिस्ट्रेशनच्या वेळी घरच्या माणसाचा नंबर घेऊन त्यांनाच सांगून ठेवायचं का, की हा वेळेआधी दारात दिसला तर आधी आम्हाला कळवा? ड्राय रनवाल्या दोघांच्या बायकोला विचारलं, दोघी एका पायावर तयार आहेत.

सध्याची स्थिती: १७ नंबरपर्यंतच्या चकत्या ठोकून झाल्या, १५० ठोके झाले, ३२४ बाकी, सीपीचे नंबर धरलेच नाहीत त्यात. उजव्या हाताचा अंगठा सुजलाय. शनिवारी ज्याला वेळ असेल त्याने हातोडी घेऊन या, पंच माझ्याकडे एकच सेट आहे, पण भोकांच्या कडा घासायच्याही बऱ्याच राहिल्यात.