आजोबांची तल्लीत आणि चार कोपऱ्यांचे नियम

माझ्या मुलाचा बार मित्झ्वा, म्हणजे ज्यू मुलगा वयात आल्याचा विधी, ठाण्याच्या शाआर हशामाइममध्ये करायचं ठरलं. टेंभी नाक्याजवळचं हे आमचं सिनेगॉग १८७९ सालचं. हॉल, जेवण, पाहुण्यांची यादी घरातल्यांनी वाटून घेतली आणि तल्लीत माझ्या वाट्याला आली. तल्लीत म्हणजे प्रार्थनेच्या वेळी पुरुष अंगावर घेतात ती शाल. तिच्या चारही टोकांना गाठी मारलेले दोरे लोंबतात, ते सिसिथ. आजोबांची काळ्या पट्ट्यांची वूलनची तल्लीत कपाटात होतीच. ड्रायक्लीनला टाकली की काम झालं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हझान अंकलनी शाल खिडकीच्या उजेडात धरली आणि एकेक टोक बोटांवर घेऊन दोरे सुटे केले. शालीच्या प्रत्येक कोपऱ्याला भोकातून चार दोरे ओवून दुमडलेले असतात, म्हणजे लोंबणारी टोकं आठ. एका कोपऱ्यात एकच टोक तुटलं होतं. "हे चालतं," ते म्हणाले, "कारण त्याच दोऱ्याची दुसरी बाजू शाबूत आहे." दुसऱ्या कोपऱ्यात मात्र दोन टोकं अगदी गाठीपाशी तुटली होती. ती एकाच दोऱ्याची की वेगवेगळ्या दोऱ्यांची, हे आता कोण सांगणार? एकाच दोऱ्याची असतील, तर त्या दोऱ्याचं काहीच उरलं नाही आणि तो कोपरा बाद. कोपरा बाद म्हणजे शाल बाद. तुटून उरलेला तुकडा निदान फासा मारण्याइतका लांब असता तरी निभावलं असतं. तोही नव्हता.

त्यात शब्बाथची, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाची अडचण, कारण बार मित्झ्वा शनिवारी होता. शब्बाथला घराबाहेर वस्तू वाहून न्यायला मनाई आहे. धड सिसिथ असलेली शाल अंगावर असली तर तो पोशाख. सिसिथ बाद असेल, तर ते दोरे पोशाखाचा भाग राहत नाहीत आणि शाल घालून रस्त्यावर चालणं ओझं वाहण्यात जमा होतं. शिवाय शब्बाथला पक्की गाठ मारता येत नाही. तेव्हा जे काय करायचं ते शुक्रवारच्या सूर्यास्ताआधी.

"नवीनच घे ना," हा सल्ला मला किमान चार जणींनी दिला. नवी मिळते, गाठी मारलेली, प्लास्टिकच्या पिशवीतून. पण आजोबांची शाल पोराच्या खांद्यावर पडावी ही माझ्या पप्पांची इच्छा होती, आणि खरं सांगायचं तर माझीही.

सिसिथची आज्ञा तशी दोन ओळींची. तोरातल्या, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथातल्या, 'गणना' या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात कपड्याच्या टोकांना गोंडे लावायला सांगितलं आहे, ते पाहून देवाच्या आज्ञा आठवाव्यात म्हणून. त्यातल्याच 'अनुवाद' या पुस्तकात २२:१२ मध्ये चार टोकांचा उल्लेख येतो. म्हणून चार कोपऱ्यांचं वस्त्र असेल तरच सिसिथ लागतं. शर्टाला, कुडत्याला लागत नाही. कोणी आयुष्यभर चार कोपऱ्यांचं काही नेसलंच नाही, तर कायद्याच्या काटेकोर भाषेत त्याने आज्ञा मोडली असंही होत नाही. तरी लोक मुद्दाम तसं वस्त्र अंगावर घेतात, का तर आज्ञा पाळायला मिळावी म्हणून. मला हा उलटा हिशोब फार आवडतो.

दोरे ठाण्यात कुठे मिळणार? इस्राएलमधल्या लोदला राहणारी मावसबहीण सुट्टीला यायची होती, तिला सांगितलं. दोरे साध्या लोकरीचे असून चालत नाहीत. कातताना आणि पिळताना 'हे सिसिथच्या आज्ञेसाठी' असा हेतू धरून ते केलेले लागतात. तिने हातकताईचे आणले. पाकिटात सोळा दोरे, त्यातले चार लांब. एका कोपऱ्याला तीन आखूड आणि एक लांब. लांबाला शम्माश म्हणतात, कारण बाकीच्यांभोवती वेढे घेण्याची सेवा तो करतो.

मग शालीचे कोपरे. वर्षानुवर्षं दोरे ओढले गेल्यामुळे भोकं सैल झाली होती आणि एका टोकाला कसरही लागली होती. जांभळी नाक्याजवळच्या आमच्या टेलरकाकांनी शाल बघितली आणि म्हणाले, "ताई, आतून कोटाचा कॅनव्हास टाकतो, वरून शिलाई मारतो, तुमच्या नातवापर्यंत टिकेल. हे दोरे कशाला काढायचे? लटकू देत तसेच."

दोन्ही गोष्टींना नाही म्हणावं लागलं. कोटाच्या कॅनव्हासमध्ये लिनन असू शकतं, आणि लोकर आणि लिनन एका वस्त्रात एकत्र आणायला तोरात मनाई आहे. गंमत म्हणजे ती मनाई सिसिथच्या आज्ञेच्या अगदी मागच्याच ओळीत आहे, अनुवाद २२:११ मध्ये. काकांनी गठ्ठ्यातून कॅनव्हास काढून चुरगाळला, वास घेतला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "कॉटन असेल, पण शपथेवर नाही सांगत." मग त्याच शालीच्या कापडाची पट्टी मधल्या पट्ट्यातून काढता येईल का, इथवर चर्चा गेली. शेवटी वूलनचंच पांढरं कापड आणलं आणि शिवायला सुती दोरा वापरला.

दोरे आधी काढायचे, हे त्यांना समजावणं जास्त कठीण गेलं. तोरा म्हणते 'करा', आणि जुन्या पंडितांनी त्याचा अर्थ असा लावला की सिसिथ 'करायचं' असतं, आयतं 'होऊन' चालत नाही. वस्त्र आधी पूर्ण हवं, दोरे नंतर. तीन कोपऱ्यांच्या कापडाला दोरे बांधले आणि मग कापून चौथा कोपरा काढला, तर ते दोरे बाद. एकच लांब दोरा भोकातून चार वेळा फिरवून गाठ मारली आणि मग वेटोळी कापून आठ टोकं केली, तरी बाद. डोळ्यांना दोन्हीकडे सारखंच दिसतं. फरक फक्त काय आधी केलं आणि काय नंतर, याचा. टेलरकाका हसून म्हणाले, "म्हणजे अस्तर आधी, बटण नंतर," आणि मी तो विषय तिथेच संपवला.

जुन्या गाठी सोडवण्याआधी मी शाबूत कोपऱ्यातले वेढे मोजले. इंटरनेटवरच्या बहुतेक व्हिडिओंत ७, ८, ११, १३ असे वेढे दाखवतात. त्यांची बेरीज ३९, म्हणजे 'परमेश्वर एक' या हिब्रू शब्दांतल्या अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज (हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंक असतो). आजोबांच्या गाठींत १०, ५, ६, ५ निघाले, म्हणजे परमेश्वराच्या चार अक्षरी नावातल्या एकेका अक्षराचा अंक. कितीतरी सेफार्दी, म्हणजे स्पेन आणि पूर्वेकडच्या परंपरेच्या ज्यू घरांत हीच पद्धत चालते. हझान अंकल म्हणाले, "घरात जे चालत आलंय तेच कर. व्हिडिओवाल्याचं त्याला लखलाभ." धड असलेला कोपरा सोडवताना हात अडखळला, तेव्हा तेच म्हणाले की उगाच काढून टाकायला मनाई आहे, नवे घालण्यासाठी काढायला नाही.

बाईने गाठी मारल्या तर चालतात का? आमच्या एका नातेवाइकांनी हा प्रश्न मला न विचारता माझ्या नवऱ्याला विचारला. बायकांवर सिसिथची सक्ती नाही, कारण ही आज्ञा दिवसाच्या वेळेशी बांधलेली आहे. रात्री ती लागूच होत नाही. पण शुल्हान आरूख या ज्यू कायद्याच्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे की स्त्रीने केलेलं सिसिथ चालतं. त्यावर पोलंडच्या रब्बी (धर्मगुरू) मोशे इस्सेर्लेस यांची टीप आहे की पुरुषांनीच केलेलं बरं. म्हणून अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपच्या परंपरेचे लोक, हे जपतात. आम्ही सेफार्दी रीतीने चालणारे. हझान अंकलनी पुस्तक उघडून ते पान नवऱ्यापुढे सरकवलं आणि दोरे माझ्या हातात दिले.

भोकाची जागा अंगठ्याने मापायची. कडेपासून तीन बोटांच्या आत, पण अंगठ्याच्या पेराइतकं अंतर सोडून. फार आत गेलं तर ते टोक राहत नाही, फार कडेला आलं तर टोकाच्याही खाली जातं. मग मी मोठ्याने म्हटलं, लेशेम मिसवत सिसिथ, म्हणजे 'सिसिथच्या आज्ञेसाठी'. मराठीतही म्हटलं, कारण हेतू मला माझ्या भाषेत ठाम वाटतो. चार दोरे ओवले, आखडून टोकं जुळवली, शम्माश एका बाजूला लांब सोडला आणि दुहेरी गाठ मारली. पहिल्या दहा वेढ्यांत शम्माश इतका पिळला जातो की मध्येच सोडून द्यावा लागतो. तो भिंगरीसारखा उलटा फिरतो, मग पुढचे वेढे. गाठी पाच, प्रत्येक दुहेरी. शेवटी वेढ्यांचा भाग साधारण एक तृतीयांश आणि मोकळे दोरे दोन तृतीयांश दिसायला हवेत. एकूण लांबी किमान बारा अंगठ्यांची, सुमारे २४ सेंमी. आणि दोरे सरळ खाली न लोंबता कोपऱ्याच्या बाजूवर पडायला हवेत. पहिला कोपरा झाला तेव्हा बोटांच्या टोकांवर लोकरीचे वळ उठले होते.

मुलाला मध्येच निळ्या दोऱ्याचं खूळ लागलं. चूक त्याची नाही, तोरातच निळा दोरा सांगितला आहे, तेखेलेत. तो रंग समुद्री गोगलगायीपासून मिळायचा आणि मध्ययुगाच्या सुरुवातीला ही विद्या हरवली. एकोणिसाव्या शतकात पोलंडमधल्या रादझिनच्या रेब्बेंनी (धर्मगुरूंनी) तो माकुळापासून केला. पुढे १९८० च्या दशकात इस्राएलमध्ये ऑटो एल्सनर यांच्या लक्षात आलं की म्युरेक्स गोगलगायीचा जांभळट रंग द्रावणात असताना ऊन लागलं की निळा होतो. आता असे दोरे विकत मिळतात, पण किंमत ऐकून मी फोन ठेवला. "मग आपण नीळ लावू," चिरंजीव म्हणाले. तालमुद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात नेमकी हीच युक्ती पकडलेली आहे: झाडाची नीळ लावून तेखेलेत म्हणून खपवणाऱ्याला देव स्वतः जाब विचारेल. शिवाय निळ्यावाचून पांढरं अडत नाही, हाही नियम आहे. आमची शाल पांढऱ्या दोऱ्यांचीच राहिली.

हझान अंकलनी शुक्रवारी दुपारी चारही कोपरे तपासले आणि एक गाठ आणखी घट्ट ओढली. शनिवारी मुलाने उभं राहून बेराखा (आशीर्वचन) म्हटली, शाल डोक्यावरून घेतली आणि शेमा या प्रार्थनेच्या वेळी चारही सिसिथ डाव्या हातात धरले. पप्पांचं लक्ष तोरावर कमी आणि त्या कोपऱ्यांवर जास्त होतं.

आता त्याला शाळेच्या शर्टाआत घालायची छोटी तल्लीत हवी आहे. सेफार्दी नियमाने ती लोकरीची असावी, कारण सुती कपड्याला सिसिथ लावणं तोराच्या सक्तीचं नसून रब्बींनी ठरवलेलं आहे. ठाण्याच्या मे महिन्यात लोकर! अश्केनाझी लोक सुती चालवतात. हझान अंकल म्हणतात, पातळ लोकरीची मिळते, मागव. नवरा म्हणतो, पावसाळ्यानंतर बघू. मी बहिणीला लोदला मेसेज टाकला आहे आणि दोऱ्यांची दोन पाकिटं जास्तच मागवली आहेत.