पोसायडनचा पोरगा आणि माझा साखरभात

"मावशी, वाढदिवसाला माझ्यासाठी काहीतरी निळं कर."

"निळं? खायचं कधी निळं असतं का रे?"

यावर भाचेबुवा इतके खूश झाले, की मला कळेना आपण काय विनोद केला. "हेच! हेच तो गेब म्हणतो!" म्हणून टाळी मागितली. मी दिलीही. गेब कोण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर टाळी दिली नसती.

अकरा वर्षांच्या या इसमाला सध्या पर्सी जॅक्सन, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतला एक देवपुत्र, लागला आहे, साथ लागावी तसा. बहिणीच्या सोसायटीत खेळायला खाली उतरणारी सगळी पोरं एकमेकांना "तू कुणाचा?" असं विचारतात. आधी मला वाटलं आडनाव विचारतायत. तर नाही, ग्रीक देव विचारतात, कारण त्या पुस्तकांतल्या मुलांचा बाप किंवा आई देव असते. कोणी अथीनाची, कोणी एरीसचा. वॉचमनकाकांना देवांचा निरोप्या हर्मीस ठरवलंय, कारण सगळी कुरिअरं त्यांच्याकडे येतात. काकांनी ते मान्यही केलंय.

गाजलेल्या पुस्तकांशी माझं फारसं जमत नाही. ज्याला त्याला "अगं, तू वाचलंच पाहिजेस" म्हणताना ऐकलं की मी मुद्दाम वाचत नाही, हा माझा जुना खोडसाळपणा. पर्सीचं पहिलं पुस्तक 'द लाइटनिंग थीफ' 2005 सालचं. मग मूळ मालिकेची आणखी चार पुस्तकं, 2010 मध्ये सिनेमा, डिसेंबर 2023 मध्ये वेब मालिका, एवढा गाजावाजा झाला आणि मी कोरडीच राहिले होते. पण निळ्याचं कोडं सुटेना म्हणून भाच्याची प्रत घरी घेऊन आले. चार घरं फिरून आलेली, मुखपृष्ठाला सेलोटेप, आणि मधल्या एका पानावर चॉकलेटच्या अंगठ्याचा असा स्वच्छ ठसा, की आमच्या बँकेत सही जुळवायला चालला असता.

पहिली काही पानं मी नाक मुरडतच वाचली. बारा वर्षांचा मुलगा, कुठल्याच शाळेत टिकत नाही, बाप माहीत नाही. एक घाबरट मित्र ग्रोव्हर, ज्याचे पाय बकरीचे, आणि एक हुशार मैत्रीण ॲनाबेथ. सर्वसामान्यांपासून लपवलेली एक खास जागा, जिथे याच्यासारखीच मुलं असतात. म्हटलं, हे ताट आपण आधी जेवलोय, फक्त वाढणारा बदललाय. शाळेच्या सहलीत, म्युझियममध्ये, गणिताच्या बाई पंख फुटून अंगावर येतात आणि पर्सी त्यांची वाफ करून टाकतो. मी शाळेत असताना ज्या बाईंच्या बाबतीत हे व्हावं असं वाटायचं त्यांची आठवण आली, आणि तिथे मी थोडी विरघळले.

लेखक रिक रायर्डन हा बरीच वर्षं शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवत होता, आणि ते पानोपानी कळतं. वर्गात कंटाळा कसा येतो हे त्याला फळ्याच्या बाजूनेही माहीत आहे आणि मागच्या बाकावरूनही. गोष्ट जन्मली ती त्याच्या मुलासाठी. मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्याची अडचण, होता आणि एका जागी बसवतही नसे. रात्री झोपताना ग्रीक देवांच्या गोष्टी सांगता सांगता त्या संपल्या, तेव्हा पोराने नवीन मागितली. बापाने मग मुलाच्या दोन्ही अडचणी उचलून नायकाला दिल्या आणि त्यांचा अर्थच फिरवला: पर्सीच्या डोळ्यांसमोर इंग्रजी अक्षरं नाचतात, कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला घडलेला आहे. आणि तो चुळबुळ्या आहे, कारण लढाईत स्वस्थ बसणारा मरतो. हे शास्त्र नव्हे. पण प्रगतिपुस्तकातले शेरे घरी कसे लपवायचे या विवंचनेतल्या पोराला रात्री अंथरुणात हे ऐकून काय वाटलं असेल, याचा अंदाज येतो.

मजा कुठे आहे, तर देवांच्या धंद्यांत. मद्याचा देव डायोनायसस त्या लपवलेल्या जागेचा, म्हणजे मुलांच्या शिबिराचा, संचालक आहे, तोही शिक्षा म्हणून. त्याला दारूबंदी आहे, त्यामुळे दिवसभर डाएट कोक पितो, पत्ते कुटतो आणि पर्सीचं नाव सहसा बरोबर घेत नाही. मुलं त्याला मिस्टर डी म्हणतात. देवांचं घर ऑलिंपस न्यू यॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर आहे. मृतांना नदीपार नेणारा कॅरन लॉस एंजेलिसमध्ये एका रेकॉर्डिंग स्टुडिओच्या लॉबीत बसतो, आणि त्याला महागड्या इटालियन सुटांसाठी पगारवाढ हवी आहे. काउंटरवर आयुष्य काढलेल्या मला कॅरन फारच जवळचा वाटला.

देव अमेरिकेत कसे, याचं पुस्तकातलं उत्तर मात्र मला काही पटलं नाही. म्हणे पाश्चात्त्य संस्कृतीची ज्योत जिथे तेजाळते तिथे देव मुक्काम हलवतात: आधी ग्रीस, मग रोम, असं करत करत आता अमेरिका. म्हणजे जिथे चलती तिथे बदली! आमचा विठोबा अठ्ठावीस युगं एकाच विटेवर उभा आहे, त्याला कुणी सांगितलं का की बाबा, आता इथे मार्केट नाही? असो. गोष्टीसाठी सोडून देते.

मेडुसाच्या, म्हणजे जिच्याकडे बघितलं की माणसाचा दगड होतो तिच्या, प्रकरणापाशी मी पुरती सापडले. तिघं मुलं न्यू जर्सीच्या रानात रात्री उपाशी भटकतायत. समोर निऑनची पाटी. ती अक्षरांची खिचडी करूनच छापली आहे, म्हणजे पर्सीला दिसते तशीच आपल्याला दिसते. ग्रोव्हर कशीबशी वाचून सांगतो: आंटी एमचं दुकान, बागेतल्या पुतळ्यांचं. आत बर्गरचा वास. बुरख्यातली बाई मायेने खाऊ घालते. सगळे पुतळे हुबेहूब, पण चेहरे भेदरलेले. ग्रोव्हरला एक पुतळा आपल्या फर्डिनंडकाकासारखा वाटतो. आणि बाई म्हणते, बसा जरा, तुमचा एक फोटो काढते. आंटी एम! एम म्हणजे मेडुसा, हे मला पाटीपासून कळलं होतं आणि तरी मी चहा गार होऊ दिला.

मूळ ग्रीक कथेतला, मेडुसाला मारणारा पर्सियस मी परत एकदा काढून वाचला, तेव्हा या माणसाने काय कारागिरी केली आहे ते दिसलं. मूळ वीराकडे सगळी आयुधं एकट्याची: उडत्या चपला, अदृश्य करणारी टोपी, आरशासारखी ढाल. इथे ती वाटून टाकली आहेत. टोपी ॲनाबेथकडे, आणि तीही यांकीज या बेसबॉल संघाची. उडते बूट शिबिरातला मोठा मुलगा ल्यूक पर्सीला देतो, पण आकाश झ्यूसच्या ताब्यात असल्यामुळे समुद्रदेव पोसायडनच्या या पोराला उडायची सोय नाही, म्हणून ते जातात ग्रोव्हरच्या खुरांत. ढालीच्या जागी बागेतला काचेचा गोळा. एकट्याने काहीच जमत नाही, हे न बोलता सांगून झालं. मुंडकं छाटल्यावर पर्सी ते खोक्यात घालून थेट ऑलिंपसच्या पत्त्यावर पाठवतो, वर स्वतःचं नाव आणि 'शुभेच्छांसह'. इतका उद्धटपणा मला कोणत्याच वयात जमला नाही.

मूळ पर्सियसच्या आईमागे एक राजा लागलेला असतो आणि शेवटी मेडुसाचं मुंडकं त्याच्यावर उलटतं. इथे राजाच्या जागी गेब आहे, पर्सीचा सावत्र बाप, अंगाला घाण वास मारणारा, बायकोच्या पैशांवर जुगार खेळणारा. तो एकदा म्हणाला, निळं खाणं नसतंच. तेव्हापासून पर्सीची आई सॅली सगळं निळं आणते आणि करते. निळा केक, निळ्या चिप्स, ज्या मिठाईच्या दुकानात ती काम करते तिथल्या निळ्या गोळ्या. भांडण नाही, रडारड नाही. नुसता निळा केक! अशा बायका मी पाहिलेल्या आहेत. त्यांचा निळा रंग वेगळा असतो इतकंच. गेबचं पुढे काय होतं ते सांगत नाही, पण मुंडक्याचं पार्सल लक्षात ठेवा.

पण मला खरं धरून ठेवलं ते अकरा नंबरच्या केबिनने. शिबिरात बारा देवांच्या बारा केबिन. जो ज्याचा, तो तिथे राहणार. ज्यांना आपला देव अजून कळलेला नाही, ती सगळी हर्मीसच्या केबिनमध्ये, कारण तो वाटसरूंचा देव. तिथे पाय ठेवायला जागा नाही, पोरं जमिनीवर पथाऱ्या टाकून झोपतात. आणि झ्यूस, हेरा, पोसायडन, आर्टेमिस यांच्या चार केबिन रिकाम्या! झाडूनपुसून, रिकाम्या. काही मुलं वर्षानुवर्षं वाट बघतायत की एक दिवस डोक्यावर बापाची खूण उमटेल आणि तो म्हणेल, हा माझा.

इथे कर्ण आठवल्याशिवाय राहतो का? भरल्या रंगभूमीवर कृपाचार्य कुळ विचारतात, मुलाची मान खाली जाते, आणि समोर प्रेक्षकांत आई बसलेली असते. पांडवही तसे सगळे अर्धे देवच, पण त्यांची केबिन ठरलेली होती. कर्ण अकरा नंबरात. भाच्याला हे सांगितलं तर तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग त्याला दुर्योधनाने केबिन दिली." मी पन्नाशीला आले, पण अंगराज्याचं इतकं नेमकं वर्णन मला सुचलं नव्हतं. पर्सीच्या डोक्यावर पोसायडनचा हिरवा त्रिशूळ उमटतो तेव्हा सगळे गुडघे टेकतात आणि त्याला एक अख्खी केबिन मिळते, ज्यात तो एकटाच झोपतो. ते दोन परिच्छेद मी दोनदा वाचले.

दोष आहेत. मधल्या प्रवासात एकच चक्र फिरत राहतं: नवीन गाव, गोड बोलणारा अनोळखी, मुलांच्या उशिरा लक्षात येणं, पळापळ. वाचणाऱ्याला तिसऱ्या वेळी आधीच कळतं. मधेच येणारा युद्धदेव एरीस मोटारसायकलवर नुसताच गुरगुरतो. पण पर्सीची जीभ तिखट आहे, तिने निभावून नेलं.

आता साखरभात. रासायनिक रंग घालायचा नाही असं बहिणीने बजावलं होतं. माझ्या गॅलरीत गोकर्णीचा वेल आहे. पंधरा-वीस फुलं गरम पाण्यात टाकली, पाणी शाईसारखं निळं झालं. केशर घातलं नाही, रंग बिघडला असता. तुपात लवंगा, त्यावर तांदूळ, मग तेच पाणी. भात मोकळा आणि असा निळा शिजला, की मी फोटो काढून बहिणीला पाठवला. मग साखर घातली, आणि वीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप पुढे गेला आणि त्याने अर्धं लिंबू पिळलं.

लिंबू पडलं तिथे डोळ्यांदेखत जांभळा डाग पडला. ढवळलं तर सगळा भात जांभळा.

दुसरा लावायला वेळ नव्हता. तसाच डबा घेऊन गेले. भाचेबुवांनी झाकण उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मावशी, हा निळा नाहीये."

"नाहीये."

त्याने एक घास खाल्ला, विचार केला. "जांभळा म्हणजे द्राक्षं. द्राक्षं म्हणजे मिस्टर डी." आणि वाटी पुढे करत आईकडे वळून म्हणाला, "आई, मग यावर डाएट कोक पाहिजे."

बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये.