सोयाबीन गोदामात, फाईल बँकेत आणि मधे बाबा

गोदामात माल ठेवून त्यावर कर्ज काढणं सांगायला फार सोपं आहे. माल द्या, पावती घ्या, पावती बँकेकडे तारण ठेवा, पैसे उचला, भाव बरा आला की माल विका. 2024 च्या दिवाळीनंतर बाबांच्या सोयाबीनसाठी मी हे सगळं नागपुरात नोकरी सांभाळून केलं. काम झालं. पण जिथं अडेल अशी धास्ती होती तिथं अडलं नाही, आणि जिथं अडायचं काही कारणच नव्हतं तिथं ठाण मांडून बसलं. ज्यांना हे करायचं आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आमचं वावर उमरेडकडे, पाच एकराच्या आतलं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता 4892 रुपये क्विंटल, आणि नागपूरच्या कळमना बाजारात व्यापारी त्याच्या बरंच खाली मागत होते. हमीभावाच्या खरेदीसाठी केंद्रानं नोव्हेंबरात ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्क्यांवर नेली खरी, पण तिथं नंबर लागून पैसे खात्यात येईपर्यंत थांबायची बाबांची तयारी नव्हती. हरभरा पेरायचा होता, मजुरांचे पैसे द्यायचे होते.

आमच्यापुढे दोन रस्ते होते. एक म्हणजे पणन मंडळाची शेतमाल तारण योजना, जी बाजार समित्यांमार्फत 1990-91 पासून चालू आहे. सोयाबीनला किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, 180 दिवस मुदत. ज्यांच्या समितीच्या गोदामात जागा आहे त्यांनी दुसरीकडे बघूच नये असं माझं मत. आम्हाला जागा मिळाली नाही, म्हणून दुसरा रस्ता: नोंदणीकृत गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावती आणि बँकेचं कर्ज. लहान शेतकऱ्याकडे किसान क्रेडिट कार्ड असेल तर अशा पावतीवर सहा महिन्यांपर्यंत पीककर्जाच्याच सवलतीच्या दरानं कर्ज मिळू शकतं. बाबांकडे कार्ड होतं.

गोदामाचं काम झपाट्यानं झालं. धरमकाट्यावर गाडीचं वजन झालं, मग पोत्यापोत्यात टोकदार नळी खुपसून नमुना काढला. मीटरवर ओलावा बघायच्या आधी बाबांनी एक दाणा दाताखाली धरून फोडला, कान दिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बाराच्या आत आहे." मीटरनं 11.8 दाखवलं. गोदामातला माणूस हसून म्हणाला, "काकाजी, हे मीटर मंग कायले घेतलं आम्ही?" माती, काडीकचरा, फुटका दाणा यांचं प्रमाण काढून प्रत ठरली. लाकडी फळ्यांवर थप्पी लागली, तिला नंबर पडला.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. ही पावती कागदाची नसते. गोदामांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण, डब्ल्यूडीआरए, 2007 च्या कायद्याखाली 2010 मध्ये आलं आणि 2017 पासून पावत्या इलेक्ट्रॉनिक झाल्या. शेअरचं जसं डीमॅट खातं, तसं एनईआरएल किंवा सीसीआरएल यांपैकी एका रिपॉझिटरीत, म्हणजे या पावत्या सांभाळणाऱ्या संस्थेत, शेतकऱ्याचं खातं उघडतं आणि पावती तिथं जमा होते. हाती येतो तो नुसता प्रिंट. एकाच मालाच्या कागदी पावत्या दोन बँकांत गहाण टाकायची सोय यात राहत नाही, कारण तारणाची नोंद एकदा चढली की गोदामवाला बँकेच्या मोकळिकीशिवाय एक पोतंही सोडू शकत नाही. खातं उघडताना मोबाईलवर ओटीपी येतो, म्हणून आधारला जोडलेला फोन बरोबर हवा. बाबांचा फोन गावी चार्जिंगला लावलेला राहिला असता तर सगळंच पुढं गेलं असतं. भावानं आठवणीनं खिशात टाकून आणला होता.

मग बँक. शाखेचं नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. टेबलवरचे साहेब म्हणाले, "मूळ पावती आणा, शिक्क्याची." मूळ पावती रिपॉझिटरीत आहे, तारणाची विनंती तिथूनच तुमच्याकडे येईल, हे सांगितलं. ते त्यांनी ऐकून घेतलं आणि वरच्या कार्यालयाला विचारतो म्हणाले. पुढची अडचण नावाची. आधारवर बाबांच्या नावापुढे 'राव' आहे, सातबाऱ्यावर नाही. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. आता गंमत अशी की हे प्रतिज्ञापत्र त्याच शाखेत, हाताच्या अंतरावर, पीककर्जाच्या टेबलमागच्या कपाटात पडलेलं होतं. बाबांनी ते कार्ड काढताना दिलेलं. पीककर्जाच्या ताई म्हणाल्या, फाईल आमच्याकडे आहे, पण दुसऱ्या टेबलला द्यायची तर त्यांनी लेखी मागायला हवी. साहेब म्हणाले, मागायचं काम आमचं नाही नं, अर्जदारानं कागद आणून द्यायचा. ताजा सातबारा, ई-पीक पाहणीतली पिकाची नोंद, पासबुकाची झेरॉक्स, सगळं एका टेबलला होतं आणि दुसऱ्याला नव्याने हवं होतं.

बाबा बाहेर येऊन म्हणाले, "एकाच छताखाली बसते नं हे सारे? मंग एकमेकाले काहून नाही इचारत?"

मी हिंगणा एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ड्रॉइंग करते. डाळमिलसाठी लागणारे सायलो, म्हणजे धान्य साठवायच्या पत्र्याच्या उंच टाक्या, आणि हॉपर, म्हणजे माल खाली सोडणारी नरसाळी, हे आमचं रोजचं काम. मध्यंतरी आमच्याकडे एक सल्लागार आले होते. खात्यांनी एकमेकांशी बोलावं यासाठी "सायलो तोडा" असं ते दर स्लाइडला सांगत होते. हा शब्दप्रयोग गुडइयर कंपनीतल्या फिल एन्सर यांनी 1988 मध्ये वापरल्याचंही त्यांनी सांगितलं. मागच्या रांगेत आमचे वेल्डर गालात हसत होते, कारण त्यांचं पोट सायलो जोडण्यावर चालतं.

मला ती उपमा तेव्हाही अर्धवट वाटली होती. सायलो बंद असतो तो माल टिकावा म्हणून. आजीच्या घरच्या कणगीलाही शेणामातीनं लिंपून तोंड बंद करायचे. तुरीत हरभरा मिसळला तर डाळमिलवाला आम्हाला उभं करणार नाही. बँकेतही कर्ज मंजूर करणारा आणि पैसे सोडणारा हात वेगळा असावा, यात मला काही गैर दिसत नाही. पण सायलोत पंखा असतो, आतल्या धान्याचं तापमान सांगणाऱ्या केबल लोंबत असतात, आणि खाली माल सोडायचं दार असतं. ड्रॉइंगमध्ये सगळ्यात जास्त डोकं त्या दारापाशी लागतं. खालच्या शंकूचा उतार कमी पडला तर धान्याची कमान धरते आणि वर शेकडो क्विंटल असूनही खाली दाणा पडत नाही.

आणखी एक. पाण्याच्या टाकीत पाणी दुप्पट भरलं की तळावरचा दाब दुप्पट होतो. धान्याचं तसं नसतं. जर्मन इंजिनिअर यान्सेन यांनी 1895 मध्ये हे मांडलं: दाणे भिंतीला घासतात आणि वरचा भार भिंत उचलते, त्यामुळे काही उंचीनंतर कितीही ओता, तळावरचा दाब वाढल्यासारखा होतच नाही. आमचं भिंतीच्या पत्र्याच्या जाडीचं गणित यावरच चालतं, कारण सगळं ओझं तिच्यावर येऊन ती मुडपण्याची भीती असते. त्या शाखेत साहेबांच्या टेबलला काही ओझं वाटत नव्हतं, ताईंच्याही नाही. दोन्ही टेबलांचा भार बाबांच्या कापडी पिशवीत होता.

मग मी मला येतं ते केलं. एका कागदावर चौकोन काढले: गोदाम, रिपॉझिटरी, तारण टेबल, पीककर्ज टेबल. कुठला कागद आत्ता कुठल्या चौकोनात आहे आणि कुठं जायला हवा, ते बाणांनी दाखवलं. पावतीचा नंबर, कर्जखात्याचा नंबर, रिपॉझिटरीतला ग्राहक नंबर एका ओळीत लिहिले. वर शाखा व्यवस्थापकांच्या नावे चार ओळींचा अर्ज: प्रतिज्ञापत्र आपल्याच शाखेत अमुक फाईलमध्ये आहे, त्याची प्रत तारण टेबलला द्यावी ही विनंती. आवक विभागात दिला आणि शिक्का मारलेली पोच घेतली. पोच महत्त्वाची, नुसतं बोलून काही हलत नाही. व्यवस्थापकांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. गोदामाच्या माणसाला मी फोनवर घेतलं, त्यानं तारणाची विनंती बँकेच्या लॉगिनला कुठं दिसते ते साहेबांना पायरीपायरीनं सांगितलं. ती विनंती तिथं आधीपासून आलेली होती. साहेब अवघडले, मग मोकळेपणानं म्हणाले, "ताई, अशी केस आमच्याकडे पहिल्यांदाच आली." ते खरंच असावं. मंजुरीला फार वेळ लागला नाही आणि हरभरा वेळेत पेरला गेला.

भावाचं विचाराल तर सोयाबीन पुढं म्हणावं तसं चढलं नाही. व्याज, गोदामभाडं आणि विमा वजा करता थांबण्याचा फायदा किरकोळच निघाला. त्यामुळे भाव वाढेलच या आशेवर तारण ठेवू नका. हाती वेळेवर पैसा येतो आणि घाईत विकावं लागत नाही, एवढंच धरून चाला. माल सोडवताना आधी कर्ज फेडायचं, बँक नोंद उठवते, मग गोदाम माल देतं. या वेळी उलटा क्रम मला पाठ होता. वजनात थोडी घट येते, ती दाणा सुकल्याची. किती घट धरणार हे माल ठेवतानाच गोदामाच्या अटींत वाचून ठेवा.

नंतर बाबांनी तूरही त्याच गोदामात ठेवली. बँकेत तेच टेबल, खुर्चीवर नवे साहेब. त्यांनी बाबांचं आधार बघितलं, सातबारा बघितला आणि म्हणाले, "नावात फरक आहे काका, प्रतिज्ञापत्र लागेल." बाबांनी पिशवीतून माझा तो चौकोनांचा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला.