हेल्मेटमधला थर्माकोल

हेल्मेट विकताना दुकानदार ते काउंटरवर जोरात आपटून दाखवतो आणि ओरखडाही उठला नाही हे पाहून आपण निर्धास्तपणे पैसे मोजतो. वास्तविक त्या आपटण्यात परीक्षा होते ती केवळ बाहेरच्या कवचाची. डोके वाचवण्याचे मुख्य काम कवचाखालचा थर्माकोल करतो.

युरोपात दीर्घकाळ लागू राहिलेल्या ईसीई २२.०५ या नियमाप्रमाणे, धातूच्या कृत्रिम डोक्यावर चढवलेले हेल्मेट सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने पोलादी ऐरणीवर पाडत आणि त्या डोक्याचे मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, गुरुत्वत्वरणाच्या २७५ पटींहून अधिक होता कामा नये अशी अट घालत. हा वेग जेमतेम २.९ मीटर उंचीवरून पडल्याचा आहे. तरीही डोके २ मिलिमीटर अंतरात थांबले, तर सरासरी मंदन १४०० पटींच्या वर जाते. मर्यादेत राहायचे तर, बल अखेरपर्यंत एकसारखे राहिले असे धरूनही, किमान १० मिलिमीटर अंतर लागते; प्रत्यक्षात ते तसे राहत नाही आणि थर्माकोल साधारण दोन-तृतीयांश चेपला की त्यातील पोकळ्या संपून तो एकाएकी कडक होतो, म्हणून थर बराच जाड ठेवावा लागतो.

स्पंज किंवा रबर का नको, हा प्रश्न मलाही पडला होता. ते दाबले जातात खरे, पण घेतलेली बरीचशी ऊर्जा उसळून परत करतात. थर्माकोलच्या सूक्ष्म पोकळ्यांच्या भिंती मात्र जवळजवळ स्थिर दाबाखाली एकामागून एक कोलमडतात आणि ऊर्जा त्या मोडण्यातच खर्ची पडते. अर्थात मोडलेला भाग पूर्ववत होत नाही. दोन वर्षांपूर्वी गाडी घसरून पडलो तेव्हा घातलेले हेल्मेट मी नुकतेच करवतीने कापून पाहिले: कवचाला तडा नव्हता, पण कानामागे ३२ मिलिमीटरचा थर २५ वर आलेला होता, आणि तेच हेल्मेट मी अगदी परवापर्यंत वापरत होतो.

खरी कसोटी थर्माकोलची घनता ठरवताना लागते, कारण घनता जितकी जास्त तितका तो कडक. थर्माकोल फार मऊ असेल तर मोठ्या आघातात तो पूर्ण चेपून संपतो आणि फार कडक असेल तर लहान आघातात चेपतच नाही. एकाच वेगाच्या चाचणीपुरती घनता जुळवून घेणे शक्य असते. म्हणूनच नव्या ईसीई २२.०६ मध्ये सेकंदाला ६ आणि ८.२ मीटर वेगाच्या चाचण्या आल्या, ही सुधारणा मला सर्वांत मोलाची वाटते. शिवाय उष्णतेने थर्माकोल नरमतो, त्यामुळे ५० अंशांपर्यंत तापवलेली हेल्मेटही पाडून पाहतात. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीवर टांगलेले हेल्मेट आठवले की त्या आकड्याचे नवल वाटत नाही. पेट्रोलने तर थर्माकोल विरघळतोच, तेव्हा डाग काढायला पेट्रोलचा बोळा आतून फिरवणाऱ्यांनी हात आवरावा.

घनता मात्र दुकानात डोळ्यांना दिसत नाही. भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते मी पाहतो, आणि दुकानदाराची परवानगी घेऊन आतले कापडी अस्तर थोडे उचलून थराच्या जाडीचा अंदाज घेतो.