बाबांचं वय आणि 'शीश'

बाबांवरचा लेख मी आठ दिवसांत लिहिला. त्यातल्या एका वाक्याने पुढचे अडीच महिने खाल्ले.

वाक्य असं: १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने गोव्यातल्या डिचोलीचा पूल उडवला, तेव्हा बाबा अंगणात उभे होते. दावं तोडू पाहणारी गाय, आजीने फुंकून विझवलेला दिवा, सगळं त्यांच्याकडून शंभरदा ऐकलेलं. मी प्रसंग झकास रंगवला. दिवाळी अंक काढणाऱ्या मित्राने वाचून एकच विचारलं, "तेव्हा वय काय गं त्यांचं?"

शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५६. पण १ जून म्हणजे मास्तरांनी लावून दिलेली तारीख, हे कोणाला ठाऊक नाही? म्हणून जन्मनोंद काढायला गेले.

अर्ज, शुल्क, पावती, यात काही अडलं नाही. अडलं ते शोधण्यात. पहिल्या खेपेला "पुढच्या सोमवारी या". दुसऱ्या खेपेला रजिस्टर बघणारी बाई रजेवर. तिसऱ्या खेपेला कारकुनाने पोर्तुगीज काळातलं जाडजूड बाड उघडलं, दोन पानं उलटली आणि "नोंद ना" म्हणून मिटलं. चौथ्यांदा तेच, फक्त आवाज चढा. मी बाबांच्या शांताराम या नावाचं 'एस'ने सुरू होणारं स्पेलिंग तीनदा लिहून दिलं, ठळक अक्षरात, जणू दोष माझ्या अक्षराचा! जेवणाची सुट्टी मात्र दर खेपेला वेळेवर व्हायची.

पाचव्यांदा बाकावर शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी माझा कागद ओढून पाहिला. "बाय, एसांत मेळचें ना. शीशांत पळयात."

शीश म्हणजे पोर्तुगीजमधला 'एक्स'. 'श'चा उच्चार ते त्या अक्षराने लिहीत. दहा मिनिटांत शांताराम सापडला. जुनी नोंद काढायची असेल, तर परबांचं 'पोरोबो' होतं, हेही लक्षात ठेवून जा.

जन्म: नोव्हेंबर १९५८. म्हणजे पूल उडाला तेव्हा बाबा तीन वर्षांचे. थोरल्या काकांबरोबर शाळेत बसवायला वय वाढवलेलं.

आता प्रसंगाचं काय करायचं? आधी रागाने तो खोडलाच. मग बाबांना पुन्हा बोलतं करून फोनवर रेकॉर्ड केलं. इथे माझी चूक झाली. नोंद आधीच दाखवल्यामुळे ते दर वाक्याला "आई सांगायची" जोडू लागले. माणसाचं सांगणं आधी रेकॉर्ड करून घ्या, कागद मागाहून दाखवा. आणि "काय झालं?" असं विचारू नका, "काय दिसत होतं?" विचारा. मी विचारलं, तर म्हणाले, "गायीचे पाय. पोट. पोटाला शेण लागलेलं."

गायीचं तोंड त्यांना आठवेना. तीन वर्षांच्या पोराला दिसेल तेवढंच आठवत होतं. ते शेण आजीने सांगितलेलं नसणार.

स्फोट आणि दिवा मी आजीच्या तोंडी दिले, गायीचं पोट बाबांकडे ठेवलं. 'वीरश्रीने भारलेली पहाट' हे माझं लाडकं वाक्य कापलं, अजूनही जीव हळहळतो.

बाबांना या सगळ्याचं काही पडलेलं नाही. दाखला हातात धरून त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे गो, सरकारने मला अडीच वर्षं आधी घरी बसवला?"