डब्ल्यूपीजी

गाडी विकायला काढली म्हणून परवा दुपारी डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करत होतो. कॉफीच्या दुकानातले नॅपकिन, बडीशेपेची पुडी, मुदत संपलेले विम्याचे कागद, आणि ती सीडी. ओरखडे पडलेली, वर काळ्या मार्करनं ‘डब्ल्यूपीजी’, म्हणजे विनिपेगचं लघुरूप. सीडी माझी नव्हेच. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा ती आतच होती.

टोरांटोहून विनिपेगला गाडीनं जायचं खूळ मात्र माझं. दोन हजार किलोमीटरच्या वर, आणि त्यातले जवळजवळ सगळे एकट्या ऑन्टॅरियोत. आपण गाडी हाकतोय हाकतोय, प्रांत काही संपत नाही. डावीकडे लेक सुपीरियर, ज्याला तळं म्हणायला जीभ रेटत नाही. वावा गावाच्या तोंडाशी तो लोखंडी हंस बघितला, फोटो काढले, आणि पुढे रेडिओ नुसता खरखरायला लागला. फोनला रेंज नाही. बायको म्हणाली, ‘ती सीडी तरी लावून बघ.’

कॅनडाचं संगीत म्हणजे माझ्या लेखी ब्रायन अॅडम्स आणि सेलीन डिऑन, विषय संपला. रेडिओवर देशी गाण्यांचा ठरावीक वाटा वाजवायचा इथे १९७१ पासून नियम आहे, हल्ली ३५ टक्के. मला तो दुधात सक्तीनं घातलेल्या हळदीसारखा वाटायचा.

सीडीवरचा आवाज साधाच होता, शेजारचा माणूस कठड्याला टेकून बोलतोय असा. नाव पुढे कळलं: द वीकरदॅन्स, विनिपेगचीच मंडळी. ‘वन ग्रेट सिटी!’ हे त्यांचं २००३ सालचं गाणं. शीर्षक गावाच्या गौरवाचं आणि ध्रुवपदात काय, तर मला या विनिपेगचा तिटकारा आहे! तेही इतक्या मायेनं की बायको म्हणाली, ‘अरे, हे तर तुझे बाबा.’

बाबा आयुष्यभर सोलापुरात राहिले आणि आयुष्यभर सोलापूरला शिव्या देत राहिले. पाणी चार दिवसांआड. नळाला पाणी यायच्या रात्री घागरी, बादल्या, कळशा ओळीनं मांडून हे मधोमध स्टुलावर बसायचे, पंच्यानं वारा घेत, ‘या गावात माणसानं राहू नये’ म्हणत. एकदा पुण्याचे काका सहज बोलून गेले, ‘खरंय, काय आहे हो सोलापुरात?’ बाबा एकदम गप्प. मग शेंगाचटणीपासून सुरुवात करून गड्ड्याच्या यात्रेपर्यंत काकांना असं काही ऐकवलं की काकूंनी मध्येच चहा आणला.

थंडर बे येईपर्यंत ते गाणं आम्ही किती वेळा वाजवलं कोण जाणे. विनिपेग प्रत्यक्षात कसं निघालं म्हणाल तर डास फार होते.

नव्या गाडीत सीडीची खाचच नाही. सीडी आता स्वयंपाकघराच्या खणात, रबरबँड आणि न उमटणाऱ्या पेनांच्या शेजारी.

बाबा हल्ली पुण्यात दादाकडे असतात. नळाला रोज पाणी, खाली बाग, लिफ्ट. परवाच फोनवर विचारलं, कसं वाटतंय पुणे?

‘चांगलं आहे,’ म्हणाले.